पहिला अंगठा

रिसबूड : बसा हो, हैबतराव. तुम्ही उभ्यानं भांडणार असाल तर मलाही उभं राहावं लागेल, आणि आज माझ्यात तेवढा दम नाही.

हैबतराव : भांडाया न्हाई आलो, मास्तर. कासार आंबोलीवरनं पहिल्या गाडीनं आलो, त्ये एवढंच सांगाया. त्ये नाव खोडा.

रिसबूड : कोणतं नाव?

हैबतराव : शनवारी तुमी भाषनात वाचलं त्ये. ‘पहिला अंगठा, भैरू बिन कुशाबा, मौजे उंबरकोंड.’

रिसबूड : अच्छा. म्हणजे तुम्ही व्याख्यानाला होतात.

हैबतराव : व्हय. मागच्या बाकावर. पौडच्या यस्टी थांब्याला तुमच्या कालेजाचा कागद डकावला हुता. मावळच्या इतिहासावर पाच शनवार भाषनं, समद्यांना मोकळीक. त्यात चवथ्या शनवारी ‘धरणाखालची गावं’. एकाकडनं वाचून घिऊन म्या दादाला सांगितलं. आठ दीस त्याला दुसरं कायबी सुचंना. म्हनला, पुन्यातली शिकलेली मानसं आपल्या गावाचं नाव घ्यायची हायेत, आपुन जायाचं. फेटा धुतला, वाळवला, घडी घालून उशाखाली ठिवला.

रिसबूड : दादा म्हणजे?

हैबतराव : भैरू. ज्याचं नाव वाचलं त्योच. माझा थोरला भाऊ. माझ्या शेजारी बसला हुता.

रिसबूड : अरेरे. ते हयात असतील असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

हैबतराव : इतिहासात घातलं म्हंजी मानूस मेला आसंल, आसं वाटतं व्हय?

रिसबूड : तसंच काहीसं होतं आमचं. पण हैबतराव, नाव काही मी पदरचं घातलं नाही. जमिनी द्यायला कबूल आहोत म्हणून गावाच्या लोकांनी लिहून दिलं, तो अस्सल कागद आहे. बावीस सालचा. नऊ वर्षं मी जुनी दफ्तरं उपसतोय. धुळीनं दमा जडला, तेव्हा कुठं तो हाती लागला. सगळ्या खोऱ्यानं सत्याग्रह केला, माणसं तुरुंगात गेली, आणि मग एका गावात पहिला अंगठा उठला. त्यानंतर आठवड्यात बारा घरं गेली. माझ्या पुस्तकाचं अख्खं प्रकरण त्या अंगठ्यावर उभं आहे.

हैबतराव : आन् माझ्या भावाचं अख्खं आयुक्ष त्याच्याखाली गेलंय.

रिसबूड : म्हणजे लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं?

हैबतराव : तवाच चावडीत यादी वाचली हुती की. त्या दिसापास्नं त्याला ‘अंगठ्या’ म्हनाया लागले. खोऱ्यातलं कुनी त्याच्या दारात पानी पीत नव्हतं. गाव बुडालं, आमी आंबोलीला येऊन ऱ्हायलो, तर त्ये नाव आमच्या आधी येऊन बसलेलं. त्याची लेक साळू, तिला जवळपासच्या कुनी केली न्हाई. पार लांब, बिजवराच्या घरात द्यावी लागली. मग हळूहळू म्हातारी मानसं मेली, तसं त्ये नाव बी मेलं. धा-पंधरा वर्सं कुनी काढलं नव्हतं. शनवारी तुमी पुन्यांदा जितं केलं.

रिसबूड : हॉलमध्ये एकतीस माणसं होती, हैबतराव. मी मोजली होती. त्यातली वीसजण पंख्याखाली बसायला आलेले पेन्शनर.

हैबतराव : आन् पाच आमच्या खोऱ्यातली. पाची जनांनी माना वळवून दादाकडं बघितलं.

रिसबूड : ते काय म्हणाले? तुमचे भाऊ?

हैबतराव : कायबी न्हाई. भाषन संपस्तवर बसला. टाळ्या वाजल्या तवा त्यानं बी वाजवल्या. गाडीत खिडकीकडं तोंड करून बसला. घरी आल्यावर फेटा काढला आन् दावनीला टांगला, जनावराच्या दोरावानी. त्या दिसापास्नं फेटा तितंच हाय.

रिसबूड : मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण वाईट वाटलं म्हणून कागदावरचं नाव कसं पुसू? उद्या दुसरा कुणी येईल आणि दुसरं नाव खोडा म्हणेल. प्राचार्य तर टपूनच आहेत. पुढच्या वर्षी ही व्याख्यानमाला बंद, असं आताच सुचवून झालंय. त्यांना एवढं निमित्त पुरेल.

हैबतराव : त्यो तुरुंगात हुता.

रिसबूड : कोण?

हैबतराव : दादा. कागुद झाला तवा त्यो येरवड्याला हुता. धरणाच्या कामावर आडवा झोपला म्हनून धरला हुता. सहा महिनं झालं हुतं त्याला. मग अंगठा लावाया त्यो उडून आला व्हय?

रिसबूड : थांबा. सहा महिने, कुठून कुठपर्यंत?

हैबतराव : वैसाखात नेला. दिवाळी झाल्यावर सोडला.

रिसबूड : कागद भाद्रपदातला आहे. जरा उठा हो, ते कपाट उघडतो. सत्याग्रहींची यादी मी उतरवून घेतलेली आहे... ही वही. पानं चिकटलीत. उंबरकोंड... भैरू कुशाबा. होय. आहे.

हैबतराव : आसंलच.

रिसबूड : दोन्ही माझ्याच कपाटात. एक वरच्या फळीवर, एक खालच्या. नऊ वर्षांत मी ते एकदाही शेजारी-शेजारी ठेवले नाहीत.

हैबतराव : दमला आसाल.

रिसबूड : दमलोय, पण ते कारण नव्हे. मला ती गोष्ट आवडली होती, म्हणून तपासली नाही. मग तो अंगठा कुणाचा?

हैबतराव : माझा. पायजे तर ताडून बघा. शाई हाय न्हवं तुमच्याकडं?

रिसबूड : हात खाली घ्या. ताडायची गरज नाही. कुणी लावायला लावला?

हैबतराव : कुनी न्हाई. कुनावर ढकलायचं आसतं तर कवाच ढकललं आसतं. गावात बोलवा उठली हुती, की ज्याची जमीन लिहून दिली त्याचा मानूस सुटतो. खरी का खोटी, म्या कुनाला इचारलं न्हाई. घरात आई. वैनी सगुनाबाई दिस भरलेली. पावसानं अर्धी भिंत आत आलेली. म्या गेलो, बाकापुढं उभा ऱ्हायलो. साहेबानं इचारलं, तू कोन? म्या म्हनलं, भैरू कुशाबा. जमीन त्याच्या नावाची हुती न्हवं. वळखनारी समदी मानसं तुरुंगात. लावला.

रिसबूड : आणि भाऊ सुटले नाहीत.

हैबतराव : न्हाई. पुरी शिक्षा भोगूनच आला. सुटायच्या आशेनं त्यानं तुरुंगातनंच अंगठा दिला, आसं लोकांनी धरलं. वेशीत आला तर पोरं वराडली, अंगठ्या आला, अंगठ्या आला. मला वाटलं आता सांगू. मग वाटलं उद्या सांगू. छत्तीस वर्सं झाली त्या उद्याला.

रिसबूड : त्यांना ठाऊक नाही?

हैबतराव : न्हाई. त्यानं कवा इचारलं न्हाई. म्या कवा सांगितलं न्हाई. आता तुमी सांगा, मास्तर. येत्या शनवारी. तुमच्या तोंडून आलं म्हंजी लोक ऐकतील.

रिसबूड : शेवटचं व्याख्यान लोकगीतांवर आहे. पण ते राहू दे. दुरुस्ती मी करीन, ती माझीच चूक. फक्त एक सांगतो. तुमच्या भावाला ही गोष्ट व्यासपीठावरून कळता कामा नये. एकदा मी त्यांना तसं ऐकवलंय, पुन्हा नाही. आधी तुम्ही सांगायचं.

हैबतराव : माझ्यानं न्हाई हुयाचं.

रिसबूड : मग माझ्यानंही नाही.

हैबतराव : बरं. पर मग हितं पुन्यात नगं. ज्यांनी ऐकायला पायजे ती मानसं हितं येत न्हाईत. पौडला बोला. देवळात बोला.

रिसबूड : कॉलेजचं व्याख्यान पौडच्या देवळात. प्राचार्यांना काय सांगू? असो. काहीतरी सांगेन. तशीही शेवटचीच माला आहे.

(शनिवार, दुपारचे चार. पौडच्या देवळामागचा पार. आठवडाभर रोज सकाळी हैबतराव सांगायचं ठरवून उठला आणि रोज संध्याकाळी तसाच निजला. आता देवळात सतरंज्या पडल्या आहेत.)

भैरू : ह्ये बघ, मला आत न्हिऊ नगंस. तुझ्या हट्टापायी पौडापत्तुर आलो, बास झालं.

हैबतराव : दादा, मास्तर आज चूक दुरुस्त करनार हायेत. तू तुरुंगात हुतास, त्याचा कागुद घावला त्यांना.

भैरू : छत्तीस वर्सांनी? करू दे. त्यानं काय हुतंय.

हैबतराव : दादा, त्यो अंगठा म्या लावला. मी भैरू हाय म्हनून सांगितलं आन् लावला. वाटलं, तू सुटशील.

भैरू : पुन्यांदा बोल.

हैबतराव : म्या लावला.

भैरू : आईनं न्हाई?

हैबतराव : आईनं? तिला ठावंबी नव्हतं. म्हातारी कवा चावडीकडं फिरकली का?

भैरू : तिच्या लुगड्याला शाई हुती. निळी. पदराच्या टोकाला. मी आलो त्या दिशी बघितली.

हैबतराव : ती म्या पुसली. पळत घरी आलो तर लुगडं वळनीवर वाळत हुतं. अंगठा पुसला त्याला. धुऊन निघंल आसं वाटलं.

भैरू : न्हाई निघाली. लुगडं फाटस्तवर हुती.

हैबतराव : मग तुला वाटलं...

भैरू : मला वाटलं, आईनं. पोटच्या पोराला सोडवाया गेली आसंल, आडानी बाई. म्हनून गप बसलो. आपलं नाव गेलं तर जाऊ दे, म्हातारीला तर लोकांनी फाडून खाल्ली आसती.

हैबतराव : दादा.

भैरू : लोकांनी न्हाई खाल्ली. म्या खाल्ली. त्या दिसापास्नं तिला आई म्हनून हाक मारली न्हाई. अकरा वर्सं. ती ताट वाढायची, मी जेवायचो, उठायचो. जाताना तिनं पानी मागितलं, तवा तू पाजलंस. मी उंबऱ्यात उभा हुतो. मला वाटलं, हिला कळू दे.

हैबतराव : तिनं मला एकदा इचारलं हुतं. म्हनली, भैरू माझ्याशी का बोलंना? म्या म्हनलं, तुरुंगातनं आलेली मानसं आशीच आस्त्यात.

भैरू : आन् तिला पटलं?

हैबतराव : पटलं. मग सोताच लोकांना तसं सांगायची.

भैरू : जरा पलीकडं सरक. मला टेकू दे.

हैबतराव : मला मार, दादा. काय करायचं त्ये कर.

भैरू : कुनाला मारू? तुझी बी कवळी पडली, माझी बी पडली. आता मारामारी करायची आपुन, ह्या पारावर? बस गप.

हैबतराव : ह्ये आईचं मला खरंच ठावं नव्हतं. तुझं नाव गेलं, साळूचं तसं झालं, त्ये माझ्यामुळं, त्ये ठावं हुतं. त्याचंच वझं घिऊन फिरत हुतो.

भैरू : आता आजून एक घे. मी बी घेतो निम्मं. मी तरी कुटं तिला एकदा इचारलं?

रिसबूड : हैबतराव, मंडळी जमली. येऊ का? हे भैरूबाबा असणार.

हैबतराव : व्हय. सांगितलं म्या.

रिसबूड : भैरूबाबा, मागच्या शनिवारी मी तुमचं नाव चुकीचं वाचलं. तुमच्या तुरुंगाची यादी माझ्याच कपाटात होती, मी पाहिली नाही. आज सगळ्यांसमोर सांगणारच आहे, पण आधी इथं सांगतो. मला क्षमा करा.

भैरू : बसा, मास्तर. तुमाला धाप लागलीय. किती मानसं हायेत?

रिसबूड : दीडशे तरी असतील. चांद्याहून आलीत, मारुंजीहून आलीत. धनगरवाड्यावरचे धुळाजी म्हणून एक म्हातारे काठी टेकत आलेत. पुण्यात चारी शनिवार मिळून एवढी नव्हती.

भैरू : धुळाजी आलाय? माझ्या शेजारच्या बराकीत हुता त्यो.

रिसबूड : आता तुम्ही दोघं ठरवा. तुमचं नाव तर मी काढणारच. त्या जागी कुणाचं घालायचं, ते तुमच्यावर. कुणाचंच नको असेल तर ‘अंगठा कुणाचा ते कळत नाही’ म्हणेन. इतिहासात अशी वाक्यं पुष्कळ असतात. एक वाढलं तर बिघडत नाही.

हैबतराव : माझं घाला. पर बोला तुमीच.

रिसबूड : मग मी बोलतो. तुम्ही नुसते समोर बसा. भैरूबाबा, तुमचं काय म्हणणं?

भैरू : आत्ता आमच्यात आईचं बोलनं झालं. तुमाला ऐकू गेलं आसंल तर त्ये बोलू नगा. त्ये आमच्या घरातलं हाय.

रिसबूड : नाही बोलणार. आणि नाव?

भैरू : नाव त्याचंच घ्या. हैबती बिन कुशाबा. चावडीत वाचलं तसं, मोठ्यानं. लोकांना आयकू जाऊ द्या.

रिसबूड : बरं. चला, हैबतराव.

भैरू : मास्तर.

रिसबूड : काय?

भैरू : नावाम्होरं वय बी सांगा. एकुनीस वर्सांचा हुता.