बारवेवरचा नारू

हसणार नसाल तरच सांगते. आमच्या बारवेला सरकारातून मदत मिळाली आणि वर रहाट बसला. नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा बाहेर येणारा लांब जंत. तो झालेल्याचा पाय पाण्यात बुडाला, की ते पाणी पिऊन दुसऱ्यांनाही नारू होतो. म्हणून पायऱ्या न उतरता वरूनच पाणी ओढायचं होतं. पण बायका घागरी घेऊन उतरायच्याच. तहसीलदार बघायला येणार होते. रहाट कोरडा दिसला, तर ते तो काढून दुसऱ्या गावाला देणार होते.

गुरुजी मला म्हणाले, "पोरी, तुझा हात चांगला हाय. पायरीजवळच्या भिंतीवर नारूचं चित्र काढ. न वाचणाऱ्यालाबी कळलं पाहिजे."

मी चुन्याने पाऊल काढलं आणि त्यातून निघणारा नारू. पाऊल कोपऱ्यात बारीक झालं आणि नारू भिंतभर लांब.

सकाळी पाहते तर काशाकाकू तिथे हळद-कुंकू वाहत होती. पुढे दुधाची वाटी.

"काकू, हे कशापायी?"

"नागोबा हाय न्हवं! लई देखणा काढलाय गं कुणीतरी."

तेवढ्यात सखूवहिनीने पायरीवर पाय ठेवला, तशी काकू कडाडली, "आगं, देव राखणीला बसलाय आन् तू खाली उतरतीस? वर रहाट हाय की!"

तहसीलदार आले त्या दिवशी रहाटावर बायकांची रांग होती. ते खूश होऊन गेले.

मी हळूच विचारलं, "गुरुजी, तो नारू हाय म्हणून सांगू का बायकांना?"

गुरुजी रांगेकडे बघत म्हणाले, "सांगू सावकाश. आधी त्याला फणा काढ."