गुरुवारची बैठक उठणार नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आरोग्य केंद्राच्या समितीचे प्रमुख आदरणीय मोहनराव, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब आणि सरपंचताई, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या समुपदेशक विजयमाला मॅडम, आमच्या गायन पार्टीचे कलावंत, बाजाराच्या पिशव्या घेऊन थेट इकडेच आलेल्या माझ्या मायबहिणी आणि कितीही बोलावलं तरी मागची भिंत न सोडणारे बांधवहो,

मी यशोधरा. दिवसा शाळेत शिकवते, एरवी गायन पार्टीत पेटी वाजवते. सूत्रसंचालकांनी मघाशी कानात सांगितलंय, "बाई, दोन शब्द बोला, शाल द्या आणि बसा." शाल मी देणारच आहे. बसायला मात्र थोडा उशीर होईल.

अध्यक्षांनी खरं तर शेवटी बोलायचं असतं. पण साहेबांना माजलगावला लग्नाला जायचं आहे, म्हणून ते आधी बोलले. एवढी घाई असूनही ते अजून बसून आहेत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. कारण मला जे बोलायचं आहे ते त्यांच्यासमोरच बोलायचं आहे. साहेबांनी सांगितलं की मॅडमच्या बदलीबरोबर गुरुवारच्या गाण्याच्या बैठकीचीही सांगता होत आहे, हा हॉल आता औषधांच्या खोक्यांना लागेल, आणि दवाखान्यात ढोलकी शोभत नाही. त्यावर टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना मी नम्रपणे विचारते, तुमच्यापैकी किती जण या बैठकीत एकदा तरी येऊन बसलात?

मॅडम इथं रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या खोलीवर पाटी लागली, मानसिक आरोग्य समुपदेशन. आता त्या पाटीखाली जाऊन बसणार कोण? खोकला झाला तर आपण चारचौघांत सांगतो. झोप येत नाही, जेवण जात नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, हे सांगितलं की दुसऱ्या दिवशी गावभर होतं, अमक्याच्या सुनेला येड लागलं. मॅडम महिनोन् महिने खुर्चीत बसून माशा मारत होत्या. मॅडम, हसू नका, तुम्हीच हे सांगितलंय मला.

मग एके संध्याकाळी त्या आमच्या वस्तीत आल्या. विहारात भीमजयंतीची तालीम चालली होती. त्या कोपऱ्यात बसल्या, दोन गाणी ऐकली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडं माणसं न बोलावता येतात. माझ्याकडं बोलावूनही येत नाहीत. आपण एकत्र बसू या का?" आमचे ढोलकीवाले शहादेवमामा म्हणाले, "बसू की. त्यात आमाला कशाला विचारता?" असं ठरलं. गाणं आमचं, ऐकून घेणं मॅडमचं, आणि दिवस गुरुवारचा, कारण गुरुवारी बाजार असतो. कुठं चाललीस, असं बाजाराच्या दिवशी बाईला कुणी विचारत नाही.

आता आमचा गाढवपणा ऐका. गायन पार्टीची एक रीत आहे. कार्यक्रम कुठलाही असो, बाहेरगावचं माणूस आलं की दोन कडव्यांच्या मध्ये गाणं थांबवून त्याचं नावानिशी स्वागत करायचं. मामांचा जन्म त्यात गेला. पहिल्या गुरुवारी बायका तोंडावर पदर ओढून, चोरून आत आल्या. इकडं मामांनी माईक हातात घेतला. "नांदूरघाटहून खास आपल्या बैठकीसाठी आलेल्या भिवराबाईंचं मंडळातर्फे हार्दिक स्वागत! तसंच आपल्या गावच्या, मोहनरावांच्या भावजय छबुबाई, यांचंबी स्वागत!" आणि भोंगा होता बाहेरच्या लिंबावर, तोंड बाजाराकडं.

बायकांनी पिशव्या उचलल्या आणि निघाल्या. मामांना वाटलं गर्दी हलतेय, म्हणून ते आणखी जोरात स्वागत करायला लागले. मॅडमनी जाऊन वायर उपटली. पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये आम्ही होतो, मॅडम होत्या आणि पेटी होती.

अध्यक्षसाहेब, भोंगा वाजला त्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला बोलावून म्हणालात, "आमच्या घरात कुणी येडं न्हाई. आमच्या घराचं नाव पुन्हा तुमच्या तोंडात येऊ देऊ नका." भोंग्याची चूक आमच्या पार्टीची होती, ती आम्ही तेव्हाच कबूल केली. मॅडम एकेका बाईच्या घरी जाऊन आल्या. भोंगा तेव्हापासून मामांच्या माळ्यावर आहे. पण तुमचं ते पहिलं वाक्य मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. दुःख झालेलं माणूस येडं नसतं, साहेब.

छबुकाकू तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचं नाव मी आज घेते आहे ते त्यांना विचारूनच. सकाळी त्या म्हणाल्या, "घे माझं नाव. तवा तुमी न विचारता घेतलं होतं, आता मी सांगते म्हणून घे." आपल्या गावात पंचमीच्या फेराला गाणं उचलायचं ते काकूंनीच, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मग त्यांचा मुलगा आदिनाथ मोटारसायकलच्या अपघातात गेला. वर्षभर घरात गाणं नको, असं सगळे म्हणाले. वर्ष सरलं तरी काकूंना कुणी फेरात बोलावलं नाही. दुःखाच्या घरातल्या बाईनं गाऊ नये, हा नियम कुणी केला? तो करताना तिला एकदा तरी विचारलं का?

भोंग्याच्या त्या प्रकारानंतर बऱ्याच दिवसांनी काकू पुन्हा बैठकीला आल्या. दाराशी, चप्पल न काढता, पिशवी मांडीवर धरून बसायच्या. एका गुरुवारी आम्ही पंचमीचं गाणं घेतलं आणि मधलं कडवं मला आठवेना. दाराकडून आवाज आला. बसलेला, फाटलेला, पण सुरात. काकूंनी ते कडवं पुरं केलं आणि त्यांना रडू कोसळलं. त्या दिवशी मॅडम त्यांच्याजवळ दवाखाना बंद होईपर्यंत बसल्या. मी पेटी तशीच उघडी टाकून बाहेर जाऊन रडले, हेही सांगून टाकते.

गाण्यानं काय होतं, असं विचारलं जातं. गाण्यानं आदिनाथ परत आला नाही. गाणं म्हणजे औषध नव्हे, असं मॅडम पहिल्या दिवसापासून बजावत आल्या. ज्याला गोळी लागते त्याला त्या स्वतः डॉक्टरसाहेबांकडं नेतात. पण तोंडच उघडलं नाही तर कुणाला काय लागतं ते कळणार कसं? आमचा मुंजाजी, उसाचा ट्रॅक्टर चालवतो, कितीतरी गुरुवार म्हणायचा, "मला काय झालं न्हाई, मी आपला टाळ धराय आलोय." टाळ धरता धरताच तो एक दिवस मॅडमना म्हणाला, "लई वाईट विचार येतेत बघा." आज तो जिवंत आहे आणि मागं भिंतीला टेकून माझ्याकडं डोळे वटारतोय. वटार बाबा. तुलाही विचारूनच बोलते आहे.

तेव्हा अध्यक्षसाहेब, हॉल तुमच्या समितीच्या ताब्यात आहे, खुशाल खोकी ठेवा. बैठकीची सांगता करणं मात्र तुमच्या हातात नाही. नव्या समुपदेशक येईपर्यंत डॉक्टरसाहेब दर गुरुवारी अर्धा तास येऊन बसणार आहेत, त्यांनी तसा शब्द दिलाय. राहता राहिला जागेचा प्रश्न.

तो काकूंनी सोडवलाय. पुढच्या गुरुवारपासून बैठक त्यांच्या ओसरीवर. आमच्या वस्तीतली माणसं त्या ओसरीच्या पायरीच्या वर कधी गेली नव्हती, हे मी वेगळं सांगायला नको. मी तसं काकूंना म्हटलंही. "काकू, नीट विचार करा. तुमचे दीर शेजारीच राहतात." काकू म्हणाल्या, "राहू दे की. घर माझ्या नावावर हाय. तुमी समदे वर येऊन बसा. चहा मी करणार हाय, आन् कप समद्यांना सारखेच, कुणाला येगळा न्हाई."

मॅडम, ही शाल घ्या आणि बदलीच्या गावी निर्धास्त जा. तुम्ही आम्हाला शेजारी बसायला शिकवलंत, याबद्दल गायन पार्टीच्या वतीनं मनापासून आभार. आपण सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, आपलेही आभार. भाषण लांबलं, अध्यक्षांच्या मानात कुठं उणं पडलं असेल, आवाज चढला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. पण काकूंच्या ओसरीवर आम्ही बसणार, याची माफी मी मागणार नाही. जय भीम, नमस्कार.