पुलापर्यंतचा पाठलाग

गोदलीव्ह : …आणि गोळी लागली ती खांद्यातच! बघ, धरला खांदा. आता दातओठ खात उठेल आणि उरलेल्या हाताने चौघांना लोळवेल. अरे, माझा खांदा नुसता आखडला होता, तर दोन हिवाळे मला स्वतःचे केस विंचरता येत नव्हते.

योरिस : आई, बघू दे ना. आता तर खरी मजा आहे.

गोदलीव्ह : बघ की. मी काय टीव्हीसमोर उभी आहे? मला वाटतं ते मी आपली बोलते. आता त्या गाडीने संत्रीवाल्याचा गाडा उधळला ना, त्याचं पुढे काय झालं? जन्मभर बाजारात भाजी विकली मी, म्हणून विचारते. एकाही सिनेमात नायक परत येऊन त्याला विचारत नाही, बाबा रे, लागलं का कुठे?

योरिस : संत्रीवाल्यावर कोण सिनेमा काढणार?

गोदलीव्ह : काढला तर मी पहिल्या रांगेत बसेन. ग्रीत, ये की गं इकडे. रविवारचीसुद्धा सून आत राबतेय आणि सासू खुर्चीत, बरं दिसतं का ते?

ग्रीत : येते, आई. एवढ्या शेंगा मोडून होऊ देत.

योरिस : तिला नाही आवडत मारामारी.

ग्रीत : थ्रिलर चालतात. त्यात माणसं निदान घाबरतात तरी.

गोदलीव्ह : थ्रिलरचं नाव नको काढूस. ती पोलीसबाई एकटीच तळघरात उतरते, अंधारात, चाचपडत. अगं, बटण भिंतीवर आहे, दाब की! आणि खुनी कोण ते मला पहिल्यापासून कळतं. ज्याला काही काम नसतं आणि तरी चांगला कोट घातलेला असतो, तो.

योरिस : म्हणून ॲक्शन बरी. तिथे कोडी नाहीत. माणूस समोर आला, की एक तर मारा नाही तर मरा. आता ही बघ, बँकेतली बाई. अगं ए, उभी काय राहिलीस? समोर एवढी जड खुर्ची आहे, उचल आणि घाल त्याच्या डोक्यात! नाही. पुतळा झाली. हातपायच गळाले.

गोदलीव्ह : होतं रे असं.

योरिस : होतं ना. आमच्या ग्रीतचं नाही का झालं? औषधाच्या दुकानात चाकू घेऊन माणूस समोर उभा, आणि ही अशीच. खांबासारखी. मी बाहेर होतो म्हणून बरं.

गोदलीव्ह : हो रे बाबा, नशीब म्हणायचं. उद्या कोर्टात सगळं नीट सांग हो. तुझं निळं जॅकेट मी इस्त्रीवाल्याकडून आणलंय. एकदा म्हणून तरी बघ माझ्यासमोर. तिथे गेल्यावर अडखळायला नको.

योरिस : त्यात काय म्हणायचंय? नोव्हेंबर होता. ग्रीतला न्यायला गेलो होतो, दुकान बंद व्हायची वेळ. गाडी समोरच उभी केली. काचेतून बघतो तर आत लाल हेल्मेटवाला, हातात चाकू. गल्ल्यातलं काढून तो पळाला, मी गाडीतून उडी मारली आणि त्याच्या मागे. कालव्याच्या कडेने, थेट पुलापर्यंत. पाऊस असा कोसळत होता, की समोरचं दिसत नव्हतं. पुलावर त्याने हेल्मेट काढलं, मागे वळून बघितलं. दिव्याखाली चेहरा लख्ख दिसला. अजून डोळ्यांसमोर आहे.

ग्रीत : पाऊस नवीन आहे.

योरिस : काय?

ग्रीत : ख्रिसमसला सांगितलंस तेव्हा पाऊस नव्हता. तुझ्या मित्राच्या वाढदिवसाला भुरभुर होती. आता कोसळायला लागला. आणि समोरचं दिसत नव्हतं, तर चेहरा लख्ख कसा दिसला?

योरिस : दिव्याखाली म्हटलं ना मी.

गोदलीव्ह : ग्रीत, उद्याच्या दिवशी त्याला कशाला टोचतेस? त्याने जिवावर उदार होऊन केलं ते. तुझ्यासाठी केलं.

ग्रीत : योरिस, टीव्ही बंद कर.

योरिस : संपत आलाय.

ग्रीत : बंद कर. आईंसमोर बोलायचं आहे. महिनोन्महिने वाट बघितली मी. रोज वाटायचं, आज हा आपणहून सांगेल. उद्या कोर्ट आहे. आता वाट बघायला दिवसच उरला नाही.

गोदलीव्ह : काय झालं? हे काय चाललंय तुमचं?

ग्रीत : तो पळाला नव्हता, आई. कुणाच्याही मागे पळाला नव्हता. गाडीतून उतरलाच नाही.

योरिस : हिचं डोकं फिरलंय. त्या दिवसापासून हिला झोप नाही, डॉक्टरसुद्धा म्हणाले. आई, तू लक्ष देऊ नकोस.

ग्रीत : चाकू माझ्या इथे होता, गळ्याशी. मला काचेतून गाडी दिसत होती. तू दिसत होतास. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस. आणि मग गाडीचे चारी दिवे एकदा चमकले. किल्लीचं बटण दाबल्यावर चमकतात तसे. तू आतून गाडी लॉक केलीस, योरिस.

गोदलीव्ह : …बाहेर अंधार, मध्ये काच. तुला भास झाला असेल गं. अशा वेळी माणसाला काय काय दिसतं.

ग्रीत : मग त्यालाच विचारा.

गोदलीव्ह : योरिस?

योरिस : माणूस घाबरतो, आई! चाकू होता त्याच्याकडे. त्या घटकेला हात काय करतो ते आपल्याला कळतं का? बटण दाबलं गेलं. दाबलं गेलं, बस्स.

ग्रीत : घाबरलास, त्याबद्दल मी कधी एक शब्द बोलले? मीसुद्धा घाबरले होते. उभ्या जागी कपडे ओले केले मी, माहीत आहे तुला. घरी आल्यावर तूच बादलीत भिजत घातलेस ते. गाडीत बसून रडला असतास तर मी तुला जवळ घेतलं असतं. पण पोलीस आले आणि तू त्यांच्यासमोर म्हणालास, हिच्या हातापायांतलं बळच गेलं होतं, म्हणून मी धावलो.

योरिस : काय म्हणायला हवं होतं मी? की दार लावून बसलो होतो? सगळे बघत होते माझ्याकडे. तुझ्या दुकानातल्या बायका, शेजारचा पाववाला. तोंडातून निघून गेलं. मग ते विचारतात, कुठपर्यंत गेलात? म्हटलं, पुलापर्यंत. मग विचारतात, चेहरा दिसला का? आता पुलापर्यंत धावलेला माणूस नाही कसं म्हणेल?

ग्रीत : आणि मग त्यांनी फोटो दाखवले, तू एकावर बोट ठेवलंस.

योरिस : त्या युर्गनवर आधीच चोऱ्यांच्या केसेस आहेत! स्कूटर आहे, लाल हेल्मेट आहे. पोलिसांचा त्याच्यावर संशय होताच, म्हणून तर फोटो त्यात होता. तोच असणार. तो नसेलच असं तू छातीवर हात ठेवून सांग बघू.

ग्रीत : मी काहीच सांगू शकत नाही. मला चेहरा दिसला नाही, हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. तुलाही दिसला नाही. आणि तरी तुझ्या एका बोटामुळे युर्गन कोबार्ट नोव्हेंबरपासून आत बसलाय. छपरं शाकारायचं काम होतं त्याचं, ते गेलं. त्याची आई पावलाबाई आमच्याच दुकानात येते, हृदयाची औषधं न्यायला. काऊंटरपाशी उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे बघते. एकदा म्हणाली, मी तुम्हाला काही विचारत नाही, बाई, फक्त तुम्ही कशा आहात एवढंच विचारते.

योरिस : म्हणजे तुला त्या बाईची दया येते. नवऱ्याची नाही.

ग्रीत : उद्या तू आधी सांगणार आहेस. खरं सांगितलंस तर मी गप्प बसेन. नाही तर तुझ्यानंतर मी उठेन.

योरिस : आणि मग? ऑफिसात कोण माझं तोंड बघेल? खोटी साक्ष म्हणून मलाच आत टाकतील! ते हवंय तुला? आई, बोल ना काहीतरी. एरवी तोंड बंद नसतं तुझं.

गोदलीव्ह : थांब जरा. मला बसू दे नीट.

ग्रीत : पाणी देऊ?

गोदलीव्ह : नको. ग्रीत, ऐक. तो पाच वर्षांचा होता तेव्हा गल्लीत कुत्रा आला, तर धाकट्या बहिणीला बाहेर ठेवून याने दार लावलं होतं. मला माहीत आहे तो कसा आहे. माझ्यापेक्षा कुणाला माहीत असणार? म्हणून तर गेले काही महिने मला इतका आनंद झाला होता. बाजारात भेटेल त्याला सांगत होते, माझा योरिस चाकूवाल्याच्या मागे धावला.

ग्रीत : आई…

गोदलीव्ह : उद्या तू आजारी पड.

ग्रीत : काय?

गोदलीव्ह : ताप आलाय म्हण. घरी राहा. त्या माणसाला वकील आहे ना, तो करेल काय करायचं ते. सुटायचा असेल तर सुटेल. पण माझ्या मुलाला तू सगळ्यांदेखत उघडं पाडू नकोस. मी कधी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

योरिस : आई बरोबर बोलतेय.

ग्रीत : शेंगा मोडून ठेवल्यात. मीठ घातलेलं नाही अजून. मी माझ्या बहिणीकडे जाते. उद्या कोर्टात भेटू.

(दुसऱ्या दिवशी दुपार. गोदलीव्हचं स्वयंपाकघर. ग्रीत दारातच उभी आहे, अंगावरचा कोट तिने काढलेला नाही.)

गोदलीव्ह : हळू बोल. वर झोपलाय. आल्या आल्या जॅकेटसकट पडलाय.

ग्रीत : तो इथे आलाय का, एवढंच बघायला आले. फोन उचलत नव्हता. पुलाबिलावर गेला असेल असं वाटलं.

गोदलीव्ह : नाही जायचा. तेवढं धाडस कुठलं त्याच्यात.

ग्रीत : तुम्ही मागच्या बाकावर होतात. मला दिसलात.

गोदलीव्ह : हं.

ग्रीत : मी उठले, तेव्हा तुम्ही खाली बघितलंत.

गोदलीव्ह : तू उठायच्या आधीच बघितलं. तो पुलावरचं सांगत होता तेव्हा. वारा काय, पाऊस काय, हेल्मेट काढल्यावर त्या माणसाचे ओले केस कपाळावर कसे चिकटले होते ते काय. मी म्हटलं, संपलं. खरंच जिवाच्या आकांताने धावलेला माणूस इतकं छान सांगतो का? तो म्हणेल, धावलो, धाप लागली, पुढचं आठवत नाही. इतकं छान फक्त सिनेमात असतं. मला कालपर्यंत आशा होती गं. तू सांगितल्यावरसुद्धा होती. त्याच्याच तोंडून ऐकलं आणि गेली.

ग्रीत : पण माझं झाल्यावर त्याला परत विचारलं, तेव्हा शेवटी तो म्हणाला ना.

गोदलीव्ह : काय म्हणाला? अंधार होता, चूक झाली असेल. एवढंच. तुझ्या त्या दिव्यांबद्दल तीनदा विचारलं तरी ना हो म्हणाला, ना नाही. अर्धं खरं. तेसुद्धा घामाघूम होऊन.

ग्रीत : युर्गनला सोडणार आहेत. वकील म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत घरी येईल.

गोदलीव्ह : मग त्याची आई तुझ्या पाया पडली असेल.

ग्रीत : नाही. कॉरिडॉरमध्ये भेटली. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. म्हणाली, पाच महिने. पाच महिने तुम्ही मला गोळ्या देत होतात, सुट्टे पैसे हातावर ठेवत होतात, सांभाळून जा म्हणत होतात. आणि तुम्हाला माहीत होतं.

गोदलीव्ह : तू काय म्हणालीस?

ग्रीत : काय म्हणणार? माहीत होतं.

गोदलीव्ह : …बरोबर केलंस तू. मी काल तुला म्हटलं ते चुकीचं होतं, हेही मला कळतं. पण ग्रीत, मी खोटं नाही बोलणार. तुझ्याकडे बघितलं की आता मला माझ्या मुलाचं ते तोंड दिसणार. कोर्टातलं. बऱ्याच दिवसांनी जाईल ते. कदाचित जाणारही नाही.

ग्रीत : मी बहिणीकडेच राहीन. तो उठला की सांगा, घरी जायला हरकत नाही, मी तिथे नसेन.

गोदलीव्ह : सांगते. तू काही खाल्लंस का सकाळपासून?

ग्रीत : नाही.

गोदलीव्ह : तोंड बघ केवढंसं झालंय. कॉफी ठेवते म्हणणार होते.

ग्रीत : ठेवा ना. उभ्या उभ्या घेईन.

गोदलीव्ह : नको. जिन्याने वास वर जातो. तो उठेल.