सगळ्यात मोठं सफरचंद

फळ-तपासणी प्रयोगशाळेच्या बाकावर माझ्या शेजारी एक बागवाला आणि त्याची बायको बसली होती. त्याच्या मांडीवर चिरलेलं सफरचंद होतं. साल लालबुंद, पण गरात तपकिरी डाग.

“कीड शिरली, दुसरं काय!” तो म्हणाला.

“मग भोक कुठंय? प्रदर्शनातल्या परीक्षकांनीही शोधलं.”

“शेजाऱ्याची नजर लागली असेल.”

“त्याची फळं लहान आहेत हो, पण आतून पांढरी शुभ्र.”

“प्रदर्शनात सगळ्यात मोठं माझंच होतं!”

“होतं ना. कापेपर्यंत.”

तेवढ्यात तपासनीस बाई बाहेर आल्या. त्यांनी फोड उजेडात धरली.

“नत्राचं खत किती घातलंत?”

“थोडंसं.”

“थोडंसं? पोती संपली तेव्हा हात थांबला यांचा!”

“म्हणून फांद्या माजल्या. कॅल्शियम त्यांनीच ओढून घेतलं, फळापर्यंत पोचलंच नाही. फळ नुसतं फुगलं, आतला गर कमकुवत राहिला. पाणी नियमित होतं?”

“यांना आठवेल तेव्हा.”

“आणि फळं फार विरळ केलीत?”

“फांदीला एकच ठेवलं. बाकीची खुडली. मोठं व्हायला नको?”

“पुढच्या हंगामात खत कमी करा, पाणी नेमानं द्या, फळं जरा जास्त राहू द्या. कोवळी असताना कॅल्शियम फवारा.”

“म्हणजे लहान येतील?”

“चांगली येतील.”

“पण लहान!”

“अहो, बाई काय सांगताहेत ते ऐका तरी.”

तो बाईंच्या जवळ सरकला.

“ताई, फळं न कापता बक्षीस द्यावं, असा अर्ज केला तर तुम्ही सही कराल का?”