युगांडाला जाणारी केबल

दोन हजार नऊ साल. दुबईच्या देरा भागातल्या दवाखान्यात प्रकाशराव शुगर तपासायला बसले होते. बायको गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी नव्हतं. शेजारी बसलेलं तरुण जोडपं मराठीत बोलू लागलं, तसे ते कान देऊन ऐकू लागले.

"सकाळपासून गप्प आहेस, ईश्वरी. रात्री तुझं पुण्याचं विमान. आता तरी बोल."

"मी बोलून सिलिकॉन ओएसिसची नोकरी परत मिळणारे? घे लस, जा युगांडाला."

"मंदी ओसरली की येतोच ना."

"तोवर रोज व्हिडिओवर बोलशील?"

"रोज नाही जमणार. केबल समुद्रातून येते आणि युगांडाला समुद्रच नाही. शेजारच्या देशातून ओढत न्यायची, त्याचं भाडं भरायचं. म्हणून तिथे नेट सोन्याच्या भावाने."

"म्हणजे लोकांना नेट द्यायला चाललायस, आणि बायकोशी बोलायला नेट नाही!"

"आमची केबल पोचली की सगळ्यांनाच स्वस्त होईल. मग रोज."

"रोज काय बोलणार तू? समोर असतानाही नुसतं 'हं' म्हणतोस."

"तू बोल. मी तिथून 'हं' म्हणेन."

ती हसली. "बरं, मग आता ऐक..."

"सुजीत!" नर्सने दारातून हाक मारली.

तो तरुण उठणार, तोच प्रकाशराव झटकन उठले. "मी आधी जाऊ का? फार घाईत आहे."

"जा ना, काका."

आत नर्सने हिंदीत विचारलं, "जल्दी है, अंकल?"

"नहीं, नहीं," बाही सावकाश दुमडत प्रकाशराव म्हणाले. "बीपी भी देख लो. दोनों हाथ का."