सौम्याच्या फॉर्मची उत्तरं

बसा की सुविधाबाई, उभ्या का — आणि दवाखान्याचा तो फॉर्म माज्याकडंच भरा, सौम्या आत बाळाला घिऊन पडलीया, दीड म्हैन्याची बाळंतीण, तिला कशाला उठवायचं? मी सासू हाय तिची, मला न्हाय म्हाईत तर कुणाला? विचारा. हसू येतंय का? येतंय की, व्हय लिव्हा. आता हसण्यासारखं घरात काय असतंय ते सोडा. झोप? लई. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेली असत्या, डोळे उघडे असत्यात एवढंच. खाण्याचं म्हणाल तर डिंकाचे लाडू मी डबाभर केलते, नंदगडास्नं तिच्या आईनं बी डबा धाडलता — दोन्ही डबे अजून भरलेले हाईत, म्हंजे आमच्यात काय कमी न्हाय, असं लिव्हा.

रडत्या का? रडायला काय झालंय? पोरगा झालाय, युवराज आमचा दर शनवारी हुबळीस्नं येतोय, दारात नळ हाय. मी तिला रोज हेच सांगते. मनाच्या डॉक्टरकडं न्हेलं तर सगळ्या कंग्राळीत बोभाटा हुईल. आमच्या येळला न्हवतं असलं काय.

न्हवतं म्हंजे — युवराज झाला तवा मी बी एकदा हिरीवर गेलते. पाण्यालाच. घागर घरातच ऱ्हायलती. दुपारभर काठावर बसलते, आत बगत. मग सासू आली, म्हणाली, चहा टाक. टाकला. झालं. तवा कोण आलतं फॉर्म घिऊन?

शेवटचं काय म्हणालासा? जिवाचं बरंवाईट — न्हाय. न्हाय लिव्हा. न्हाणीच्या दाराकडं काय बगतासा? कडी मीच काढलीया, लाकूड फुगलंय. इळी, कात्री माज्या उशाखाली असत्यात, त्या गंजत्यात म्हणून.

पेन का थांबलं तुमचं?

भ्या वाटतंय ओ मला. परवा ती बी हिरीवर गेलती, घागर घरातच ठिऊन.

खोडा ते सगळं. आत जावा, तिलाच विचारा, बाळ हिकडं द्या माज्याकडं. तिच्या खोलीच्या दाराला बी कडी न्हाय आता, नुसतं लोटून घ्या — मी ऐकत न्हाय. घाई करू नगासा. चहा मी टाकते. जावा.