गावाला एक पाईप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष रेव्हरंड पोलग्लेझ, मंचावर विराजमान असलेल्या मुख्याध्यापिका श्रीमती अँगोव्ह, आपल्या बंदराचे माजी सारंग आदरणीय झॅकीकाका नान्स, ज्यांच्यासाठी आपण चहा निववत बसलो आहोत त्या सत्कारमूर्ती लव्हडेबाई, आणि पोर्थकॅरा गावातील तमाम बंधुभगिनींनो,

शाळेतल्या बाईंचा गौरव एका गुत्तेवाल्यानं करावा, हे काहींना रुचणार नाही. पण मी, हेडली ट्रेव्हेला, आज ‘आडवा नांगर’च्या गल्ल्यामागे उभा आहे तो बाईंमुळे. ते सांगितल्याशिवाय त्यांना निरोप कसा देऊ?

माझ्या दारावरचा दगड तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. काहींनी रात्री बाहेर पडताना तो कपाळानं वाचलाय. त्यावर कोरलंय, ‘संत पीटरच्या दिवशी गावाला एक पाईप द्यावा, न दिल्यास घर सोडावं.’ माझ्या पणजोबांच्या आधीपासून आम्ही ट्रेव्हेला त्या दिवशी मातीचा नवा पाईप तंबाखू भरून चर्चच्या दाराशी आणतो. गाव एकेक झुरका घेतं, खोकतं आणि घसा ओला करायला माझ्याकडे येतं. इतका सोयीचा धर्म दुसरा कुठला?

मग, आमचं घर ज्या जहागिरीच्या जमिनीवर आहे, तिच्यावर नवे कारभारी आले, मिस्टर थ्रिंग. त्यांना माझ्या जागेवर उन्हाळी पाहुण्यांसाठी हॉटेल बांधायचं होतं. मला काढायला कायदा सापडेना, तेव्हा त्यांनी शब्दकोश शोधला. ऐन संत पीटरच्या दिवशी तो जाडजूड ग्रंथ बगलेत मारून ते चर्चच्या दाराशी हजर. म्हणाले, दगड जुना, तेव्हा भाषाही जुनीच धरायची. जुन्या भाषेत पाईप म्हणजे वाईनचं भलंमोठं पिंप, ज्यात माणूस उभा राहील. संध्याकाळपर्यंत पिंप आणा, नाहीतर चाव्या द्या.

 आणि आपलं गाव म्हणजे काय, एक प्रश्न नि शंभर उत्तरं! आपले नळवाले होस्किन म्हणाले, पाईप म्हणजे पाईप, मोरीचा, हवा तर आत्ता बसवून देतो. झॅकीकाकांनी खिशातून सारंगाची शिट्टी काढली. जहाजावर हिलाच पाईप म्हणतात, आणि ही अशी वाजली की सगळ्यांनी तोंड मिटून झोपायला जायचं, असं सांगून त्यांनी ती थ्रिंगसाहेबांच्या कानाशी वाजवली. साहेब काही झोपायला गेले नाहीत.

शेवटी मी बाईंकडे वळलो. म्हटलं, “बाई, सांगा ना, हा माणूस खोटं बोलतोय.”

बाई म्हणाल्या, “नाही रे हेडली. त्यांचा अर्थ बरोबर आहे.”

घर जळत असलं तरी शाळेतली बाई आधी शुद्धलेखन सुधारते, म्हणतात ते काही उगाच नाही. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. पाईप म्हणजे पिंप, तशी बासरीही, असं त्या सांगू लागल्या. पाखराची शीळ म्हणजे पाईप, गाणाऱ्याचा गळा म्हणजे पाईप. पूर्वी राजाच्या कचेरीत हिशेब कातड्यावर लिहून ती गुंडाळून ठेवत, त्या भेंडोळ्यालाही पाईपच म्हणत. थ्रिंगसाहेबांनी ग्रंथ चाळून पाहिला. सगळं तिथे होतं, ते बिचारे पहिल्या सोयीच्या अर्थाशी थांबले होते.

“मग या दगडावर नेमका कुठला?” ते चिडून म्हणाले.

“देणाऱ्यानं दिला आणि घेणाऱ्यानं आपला म्हणून घेतला, तो,” बाई म्हणाल्या. “घेणारं गाव समोर उभं आहे. विचारा.”

साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी गावाकडे तोंड करून गोड आवाजात विचारलं, “काय मंडळी, मातीची नळी हवी, की पिंपभर वाईन?”

मित्रहो, तो क्षण मी आयुष्यात विसरणार नाही. तुमच्यातल्या काहींचे चेहरे मला स्पष्ट दिसत होते. नावं घेत नाही. झॅकीकाका, आढ्याकडे बघू नका.

आणि तेव्हा बाई पुढे आल्या. तंबाखूच्या वासानं वर्गाच्या खिडक्या उघडायला लावणाऱ्या आपल्या बाई! माझ्या हातातला पाईप घेऊन त्यांनी असा झुरका मारला, की नाकाडोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. त्यातही शिकवणं सुटलं नाही. म्हणाल्या, डोळ्यांतून पाणी काढण्यालाही जुने खलाशी डोळ्यांचा पाईप करणं म्हणत. मग रुमाल खाली घेऊन ठणकावून बोलल्या, “मला माझा पाईप मिळाला.”

त्यांच्यामागे होस्किन आले. मग झॅकीकाका, जरा सावकाश. मग सगळं गाव, एकामागून एक, “मिळाला, मिळाला” म्हणत. थ्रिंगसाहेबांनी ग्रंथ मिटला. माझं घर राहिलं.

आता बाई बहिणीकडे राहायला लीड्सला निघाल्यात. मला हे मुळीच आवडलेलं नाही, आणि सभ्यपणे कसं सांगावं ते कळत नाही, म्हणून तसंच सांगतो. पण बाई, थ्रिंगसाहेबांचाही अर्थ बरोबर, असं तुम्हीच म्हणाला होतात. तो तेवढा राहून गेला होता. तेव्हा जरा मागच्या दाराबाहेर बघा. ताडपत्रीखाली जे दिसतंय, ते शब्दकोशातलं पिंप आहे. वाईन आम्हाला परवडली नाही, पण गावातल्या प्रत्येक परड्यातली सफरचंदं पिळून त्यांची दारू त्यात भरलीय. इतकं मोठं पिंप आगगाडीनं नेता येणार नाही, असं स्टेशनमास्तर म्हणाले. आम्ही त्यांना मुळीच आग्रह केला नाही. ते माझ्या तळघरात तुमच्या नावानं राहील. आणि तुम्ही नाताळाला अर्धा पेला घेता, तोही सर्दीचं निमित्त काढून. या वेगानं ते संपवायला तुम्हाला फार, फार वर्षं येत राहावं लागेल.

अध्यक्ष महाराजांनी घंटेवर हात ठेवलाय, तेव्हा आवरतो. सभागृह देणाऱ्या चर्चचे, बन भाजणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ माझं ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर गावानं पदरात घ्यावं. बाईंनी मात्र घेऊ नये. त्यांनी माझ्या सगळ्या चुका नीट लक्षात ठेवाव्यात, आणि संत पीटरच्या दिवशी स्वतः येऊन सुधाराव्यात.